भूवापर आणि मृदा कार्बन
मातीत सेंद्रिय पदार्थांच्या रूपाने साठलेल्या कार्बनचे प्रमाण जमिनीच्या वापरानुसार बदलते. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरण आणि वनस्पती या दोहोंतील कार्बनची बेरीजही त्याहून कमी भरते.

मुळे, पालापाचोळा, पिकांचे अवशेष आणि शेणखत यांतून मातीला कार्बन मिळतो. सूक्ष्मजीव हे पदार्थ कुजवतात, तेव्हा त्यातील बराचसा भाग कार्बन डाय-ऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेला भाग चिकणमातीच्या कणांना चिकटून किंवा ढेकळांच्या आत अडकून दीर्घकाळ टिकतो. आवक आणि कुजण्याचा वेग यांच्या समतोलावर साठा ठरतो.

वापरातील बदल : जंगल तोडून किंवा कुरण मोडून शेती केली की आवक घटते. नांगरटीने ढेकळे फुटून आतला कार्बन सूक्ष्मजीवांच्या आवाक्यात येतो आणि उघडी माती धुपून जाते. एल. बी. ग्वो आणि आर. एम. गिफर्ड यांनी 2002 मध्ये जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात जंगलाची शेती झाल्यावर मृदा कार्बन सरासरी 42%, तर कुरणाची शेती झाल्यावर 59% घटल्याचे आढळले. उलट शेतीचे कुरण केल्यावर तो 19% आणि शेतजमिनीवर पुन्हा जंगल वाढल्यावर 53% वाढला. मात्र कुरणावर झाडे लावल्याने तो 10% घटला. म्हणजे वृक्षलागवडीने मृदा कार्बन सर्वत्र वाढतोच असे नाही.

सर्वांत मोठी हानी पाणथळ पीटभूमीचा निचरा केल्याने होते. पाण्याखाली हवेअभावी न कुजलेला वनस्पतिअवशेषांचा थर, म्हणजे पीट, हवा लागताच झिजू लागतो. इंग्लंडमधील होम फेन या पीटभूमीत 1850 च्या सुमारास जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला खांब आता सुमारे 4 मी. उघडा पडला आहे.

मशागतीचा परिणाम : इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये सुरू केलेला गव्हाचा प्रयोग अजून चालू आहे. दरवर्षी हेक्टरी सुमारे 35 टन शेणखत मिळणाऱ्या तेथील वाफ्यात बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून अधिक कार्बन साठला आहे. तेथल्याच सातूच्या एका वाफ्याला 1852 ते 1871 या काळात शेणखत दिले होते. ते बंद झाल्यावर साठा घटत गेला, तरी शतकानंतरही तो कधीच खत न दिलेल्या वाफ्यापेक्षा जास्त होता. बिननांगरट शेतीत वरच्या काही सेंटिमीटरांत कार्बन वाढतो, पण खालच्या थरांसह मोजल्यास ही वाढ बरीच कमी भरते.

महाराष्ट्र : काळ्या मातीचा रंग गडद असला, तरी तिच्यात सेंद्रिय कार्बन बहुधा कमीच असतो, चुनखडीच्या रूपातील असेंद्रिय कार्बन मात्र पुष्कळ जागी आढळतो. उष्ण हवामान, वारंवार कुळवणी, इंधनासाठी शेतातून उचलल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या व तुराट्या आणि सरपणासाठी वापरले जाणारे शेण ही सेंद्रिय कार्बन कमी असण्याची कारणे आहेत. भारतातील माती परीक्षणात सेंद्रिय कार्बन 0.50 टक्क्यांहून कमी असल्यास ‘कमी’ आणि 0.75 टक्क्यांहून अधिक असल्यास ‘जास्त’ मानतात. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजवणे, हिरवळीची खते, द्विदल पिकांची फेरपालट आणि बांधावरची झाडे यांमुळे आवक वाढते.

मर्यादा : मृदा कार्बन लागवडीनंतर काही वर्षांतच झपाट्याने घटतो, पण भरून येण्यास दशके लागतात. नवा समतोल साधला की वाढ थांबते आणि पूर्वीची पद्धत परतली की साठा पुन्हा हवेत जातो. त्यामुळे गमावलेला कार्बन परत मिळवण्यापेक्षा जंगले, कुरणे आणि पाणथळ जागा यांतील साठा जपणे अधिक परिणामकारक ठरते.