स्टिअरिंग थरथरते तेव्हा

नाशिकच्या एखाद्या गॅरेजमध्ये ‘स्टिअरिंग थरथरते’ अशी तक्रार घेऊन जा. मिस्त्री अनुभवी असेल तर बॉनेट उघडण्याआधी तो विचारेल, ‘कधी?’ ठरावीक वेगाला, ब्रेक दाबल्यावर, की खड्ड्यातून गेल्यावर? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढे ब्रेक लावले तर गाडी उलटेल, अशी अनेकांना भीती वाटे. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून खरे काम तिथलेच ब्रेक करतात. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा मोटारीत आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना ब्रेक आले. १९२३ पासून कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर निघाले. गाडी लवकर थांबू लागली, बसायला मऊ झाली, आणि एक नवाच रोग जडला. विशिष्ट वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागत आणि स्टिअरिंग हातातून निसटू पाही. त्या काळच्या एका नाचावरून त्याला ‘शिमी’ हे नाव पडले. आपले मिस्त्री त्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात.

पहिला संशय सैल सांध्यांवर गेला. सांधे घट्ट केल्याने फडफड कमी होई. पण ती कोऱ्या गाड्यांतही दिसे. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ साली या प्रश्नावर निबंध लिहिला. वळणारा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही, थोडा बाजूला सरकतो, हे त्याने शिमीच्या विचारात आणले.

दुसरा दुवा तुम्ही वर्गातच दाखवू शकता. सायकलचे सुटे चाक घ्या. आसाची दोन टोके दोन हातांत आडवी धरा आणि विद्यार्थ्याला ते जोरात फिरवायला सांगा. आता डावा हात वर, उजवा खाली करा. चाक नुसते कलत नाही, स्टिअरिंग फिरवल्यासारखे आपोआप वळते. उलट ते वळवायला गेलात, तर कलू पाहते. जुन्या मोटारीत पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर होती. एक चाक दगडावर चढले की आस कलणार, आस कलला की चाके वळणार आणि वळली की पुन्हा कलणार. त्यात पुढच्या ब्रेकचे वजन आणि टायरचा लवचिकपणा यांची भर पडली होती.

मग हे चक्र तोडायचे कसे? कलण्याचा आणि वर-खाली होण्याचा संबंधच तोडून. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन देण्याचा आग्रह धरला. १९३४ च्या मोटारींत ते आले. आता चाक फारसे न कलता वर-खाली होऊ लागले.

आपल्याकडे मात्र दोन्ही युगे शेजारी शेजारी धावली. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट यांची पुढची चाके स्वतंत्र होती. महिंद्रची जीप मात्र युद्धकाळातल्या आराखड्याची, म्हणजे अखंड आसाची. खडबडीत रस्त्याला तो आस उत्तम, पण किंगपिन झिजला की वॉबलिंग सुरू. २००२ साली महिंद्रच्या नाशिक कारखान्यातून स्कॉर्पिओ आली, ती पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक घेऊनच. मालमोटारींत अखंड आस आजही सर्रास दिसतो.

आज मोटारीत जी थरथर जाणवते, तिची कारणे बहुधा वेगळी असतात. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा असमतोल असेल, तर तेवढ्या वेगाला तो जवळजवळ दोन किलो वजनाइतक्या बलाने चाक ओढतो. वेग निम्मा झाला की हे बल चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून थरथर ठरावीक वेगाला येत असेल आणि ब्रेकशी तिचा संबंध नसेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्यावे.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते, तेव्हा संशय पुढच्या डिस्कवर. ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हणतात. बहुधा ती वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते. मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाचा फरकही हाताला कळतो. मात्र एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल फडफडते, तो दोष नव्हे.

थरथरीपेक्षा गंभीर गोष्ट घाटात घडते. रेल्वेच्या मोजणीप्रमाणे इगतपुरी कसाऱ्यापेक्षा ९७२ फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर उंच आहे. एक टन वजनाची गाडी तेवढी उतरली की सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. नऊ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. गिअर काढून उतरलात, तर हवेचा आणि चाकांचा रोध घेईल तेवढी सोडून बाकी सगळी ब्रेकच्या लोखंडात उतरते. अस्तर फार तापले की पेडल टणक लागते, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले, तर पेडल मऊ होऊन खाली जाते. (इंधन वाचते म्हणावे, तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे इंधन बंदच होते.) ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि खाली कसाऱ्याला थांबलात, तर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. स्पर्श करू नका. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त तापतातच. पण डाव्या-उजव्यांपैकी एकच फार तापले असेल आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर गरम चाकाचा ब्रेक नीट सुटत नसण्याची शक्यता आधी तपासा.