नकाशावर हीटमॅप लेयर कशी टाकायची? उदाहरण जामच्या चौरस्त्याचं

नकाशावर शंभर पिना टाकल्या की नुसता गिचका होतो. हीटमॅप लेयर त्याच पिनांची दाटी रंगात दाखवते. जिथे दाटी, तिथे लाल.

उदाहरणाला वर्धा जिल्ह्यातलं जाम घेऊ. (गुगलवर नुसतं ‘जाम’ टाकलं तर ट्रॅफिक नाहीतर ब्रेडवरचा जाम येईल, सोबत समुद्रपूर तालुका लिहा.) नागपूरहून हिंगणघाटकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 इथून जातो आणि इथेच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. समजा, या भागातल्या अपघातांचा नकाशा करायचा आहे.

शीटमध्ये तारीख, अक्षांश, रेखांश आणि गांभीर्य एवढे कॉलम पुरे. जखमींची नावं, गाडीनंबर नकोत. मोबाइलवर गुगल मॅप्समध्ये जागा दाबून धरली की आकडे मिळतात. दशांशचिन्हानंतर किमान 4 आकडे ठेवा. 2 वर थांबलात तर पिन अर्धा किलोमीटर सरकू शकते.

खरी गडबड इथेच होते. बातमीत ‘जाम चौरस्त्याजवळ’ एवढंच असतं, म्हणून सगळ्या पिना चौकात रोवल्या जातात. अपघात दोन किलोमीटर पुढच्या वळणावर झालेला असला तरी नकाशात चौकच लालभडक! तो नकाशा दाखवून दिवे मागितले तर दिवे चौकात लागतील, वळण अंधारातच राहील. जागा पक्की नसेल तर ती नोंद मी हीटमॅपमध्ये घेतच नाही, वेगळ्या लेयरमध्ये ठेवतो.

पुढचं काम कॉम्प्युटरवर. मी क्यूजीआयएस वापरतो, फुकट आहे. शीट सीएसव्ही करून ‘अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’मधून आणा. एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश. उलटं केलंत तर जाम भलतीकडेच जाईल. मग लेयरच्या ‘सिम्बॉलॉजी’त ‘हीटमॅप’ निवडा. रंगपट्टीचा पहिला रंग पारदर्शक करा, नाहीतर खालचा नकाशा झाकला जातो.

त्रिज्या किती ठेवायची? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा पट्टा, जिथे 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात किंवा 10 मृत्यू झालेत. म्हणून मी 250 मीटर ठेवतो. त्यासाठी प्रोजेक्टचा सीआरएस ईपीएसजी 32644 करा आणि त्रिज्येचं एकक ‘मॅप युनिट्स’ निवडा. मिलिमीटरमध्ये ठेवलंत तर झूम कमी केल्यावर चौक आणि वळण एकाच लाल डागात मिसळतात.

‘मॅक्झिमम व्हॅल्यू’ ऑटोमॅटिक ठेवू नका. ती स्क्रीनवर जेवढं दिसतं त्यावरून ठरते, मग एकच अपघात असलेली जागासुद्धा झूम केल्यावर लाल होते. एक आकडा ठरवून टाका.

आणि चौकात गाड्याच जास्त, त्यामुळे तिथे अपघात जास्त दिसणारच. गाडीमागे धोका किती, हे या लेयरवरून कळत नाही. त्याला वाहनांची मोजणी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा पाठवताना त्रिज्या, कालावधी आणि किती नोंदी वगळल्या, हे चित्रावरच लिहा.