संयुक्त असमानतेचा इतिहास : कल्पना, चिन्ह, रेषा आणि तर्क

प्रस्तावना

प्रारंभिक बीजगणिताच्या अध्यापनात समीकरणांनंतर असमानता येतात. −३ < २क्ष + १ ≤ ७ यासारखी संयुक्त असमानता सोडवून तिची उकल संख्यारेषेवर दाखविण्यास एक-दोन तासिका पुरेशा मानल्या जातात. तथापि 'क्ष हा २ पेक्षा लहान किंवा ५ पेक्षा मोठा आहे' हे विधान ५ < क्ष < २ असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी आढळतात. शिक्षक ही चूक निष्काळजीपणाच्या खाती टाकतो आणि गुण कापतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ही चूक निष्काळजीपणाची नाही. या एका ओळीत कल्पना, चिन्ह, रेषा आणि तर्क असे चार घटक एकत्र आले आहेत. ते इतिहासात वेगवेगळ्या काळी उदयास आले. विद्यार्थी नेमका त्यांच्या सांध्यावर अडखळतो.

कल्पना : दोन मर्यादांमधील संख्या

अज्ञात संख्येला दोन्ही बाजूंनी मर्यादा घालण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या सुसम बहुभुजाकृती कल्पून असे सिद्ध केले की, परीघ हा व्यासाच्या तिपटीहून जितका अधिक असतो ते आधिक्य व्यासाच्या १/७ पेक्षा कमी, परंतु १०/७१ पेक्षा जास्त असते. आजच्या लेखनात हीच गोष्ट २२३/७१ < π < २२/७ अशी मांडली जाते. आर्किमिडीजजवळ मात्र कोणतेही चिन्ह नव्हते. दोन्ही अटी त्याने शब्दांत सांगितल्या.

भारतीय परंपरेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ६२८३२/२०००० हे गुणोत्तर देताना ते 'आसन्न' म्हणजे जवळचे असल्याचे स्पष्ट केले. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल मूल्य दिले. ही सर्व मूल्ये प्रत्यक्ष गुणोत्तराहून किंचित मोठी आहेत. 'आसन्न' या शब्दाने जवळीक कळते, बाजू कळत नाही. बाजू सांगण्यासाठी दोन स्वतंत्र विधाने लागतात, आणि संयुक्त असमानतेचे मर्म तेच आहे.

चिन्ह : एका ओळीतील संक्षेप

रॉबर्ट रेकॉर्ड याने समानतेचे चिन्ह १५५७ मध्ये छापले. लहान-मोठेपणाची आज रूढ असलेली चिन्हे छापील स्वरूपात येण्यास १६३१ साल उजाडले. थॉमस हॅरियट याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाला, त्यात ती आढळतात. त्याच वर्षी विल्यम ऑट्रेड याने आपल्या ग्रंथात निराळीच चिन्हे योजली आणि काही काळ दोन्ही पद्धती समांतर चालल्या. 'लहान किंवा समान' या अर्थाचे, खाली रेघा असलेले चिन्ह फ्रान्समध्ये प्येर बूगे याने १७३४ मध्ये वापरले.

चिन्हांमुळे लेखन आटोपशीर झाले. पण −२ < क्ष ≤ ३ असे लिहिताना 'आणि' हा शब्द लुप्त झाला. वाचणाऱ्याला तो मनात भरून घ्यावा लागतो.

रेषा : ऋण संख्यांचे स्थान

आलेखासाठी ऋण संख्यांना रेषेवर जागा मिळणे आवश्यक होते. जॉन वॉलिस याने १६८५ च्या बीजगणितावरील ग्रंथात एका चालणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले. तो पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे आला, तर आरंभस्थानापासून −३ यार्डांवर असतो. हे उदाहरण आज सोपे वाटते, परंतु त्याच शतकात आंत्वान आर्नो या फ्रेंच विचारवंताने गंभीर आक्षेप घेतला होता. −१ चे १ शी गुणोत्तर आणि १ चे −१ शी गुणोत्तर समान असेल, तर लहानाचे मोठ्याशी असलेले नाते मोठ्याच्या लहानाशी असलेल्या नात्याइतके कसे?

ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना चिन्हाची दिशा का उलटते, हा विद्यार्थ्याचा प्रश्न याच आक्षेपाचा निकटवर्ती आहे. −६ < −२क्ष ≤ ४ या असमानतेस −२ ने भागल्यावर ३ > क्ष ≥ −२ मिळते. वॉलिसच्या रेषेवर शून्याभोवती बाजू बदलतात हे दाखविले, तर नियम पाठ करावा लागत नाही.

तर्क : 'आणि' व 'किंवा'

शेवटचा घटक सर्वांत अर्वाचीन आहे. जॉर्ज बूल याने १८५४ च्या ग्रंथात तर्काचे बीजगणित मांडले. त्याच्या मांडणीत दोन वर्गांची बेरीज ते परस्परांपासून वेगळे असतानाच अर्थपूर्ण होती. दोन्हींपैकी एक अथवा दोन्ही, असा समावेशक 'किंवा' पुढे विल्यम जेव्हन्स याने स्वीकारला. छेद आणि संयोग यांची आजची चिन्हे जुझेप्पे पेआनो याने १८८८ मध्ये योजली. अमेरिकेत १९५८ मध्ये सुरू झालेल्या शालेय गणित अभ्यासगटाच्या पुस्तकांनी असमानता, उकल संच आणि संख्यारेषा यांना आरंभीच्या बीजगणितात एकत्र स्थान दिले.

निष्कर्ष

५ < क्ष < २ या लेखनात दडलेला शब्द 'आणि' आहे, आणि विद्यार्थ्याच्या मनात 'किंवा' आहे. पाचाहून मोठी आणि त्याच वेळी दोनाहून लहान अशी संख्या नसल्याने हा संच रिक्त ठरतो. म्हणून अध्यापनाचा क्रम इतिहासाच्या क्रमाशी जुळविणे हितावह आहे. प्रथम दोन्ही अटी शब्दांत लिहाव्यात. मग प्रत्येकीचा आलेख स्वतंत्र रेषेवर, अंत्यबिंदू वगळला असल्यास पोकळ व समाविष्ट असल्यास भरीव वर्तुळाने दाखवावा. त्यानंतर 'आणि' असल्यास दोन्ही आलेखांचा सामाईक भाग, 'किंवा' असल्यास दोन्ही भाग मिळून घ्यावेत. एका ओळीतील संक्षिप्त लेखन सर्वांत शेवटी, आणि केवळ 'आणि'साठीच शिकवावे. यासाठी आणखी एखादी तासिका खर्च होईल. पण त्यामुळे चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण निर्बुद्ध ठरविणार नाही.