आरोग्य कर्मचारी आणि कोविड-१९ लसीची वर्धक मात्रा
कोविड-१९ लसीची वर्धक मात्रा (प्रचलित नाव: बूस्टर डोस) म्हणजे प्राथमिक मात्रांनंतर काळानुसार घटणारी प्रतिकारशक्ती पुन्हा वाढवण्यासाठी दिली जाणारी मात्रा होय. भारतात तिला अधिकृतपणे 'खबरदारीची मात्रा' म्हटले गेले. ती ऐच्छिक असल्याने आरोग्य कर्मचाऱ्यांचा तिच्याविषयीचा दृष्टिकोन हा सार्वजनिक आरोग्यातील अभ्यासाचा विषय ठरला.

पार्श्वभूमी
भारतात कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या लसी वापरण्यात आल्या. आशा व अंगणवाडी सेविकांचाही याच गटात समावेश होता. महाराष्ट्रात मोहिमेच्या सुरुवातीलाच को-विन प्रणालीत तांत्रिक अडचणी आल्या.

वर्धक मात्रा
१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ६० वर्षांवरील नागरिक यांना ही मात्रा देण्यास प्रारंभ झाला. दुसऱ्या मात्रेनंतरचे नऊ महिन्यांचे अंतर जुलै २०२२ मध्ये सहा महिन्यांवर आणले गेले. देशात सुमारे १.०४ कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी पहिली आणि १.०१ कोटींनी दुसरी मात्रा घेतली. मात्र ऑक्टोबर २०२२ पर्यंत वर्धक मात्रा घेणाऱ्यांची संख्या सुमारे ७० लाख होती.

दृष्टिकोन
जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लस उपलब्ध असूनही ती घेण्यातील दिरंगाई किंवा नकार यास 'लसविषयक संकोच' म्हटले आहे. विश्वासाचा अभाव, धोका कमी लेखणे आणि गैरसोय हे त्याचे तीन घटक मानले जातात. स्वतःचे, कुटुंबीयांचे व रुग्णांचे संरक्षण हे मात्रा घेण्यामागील प्रमुख कारण असते. याउलट, आधी होऊन गेलेला संसर्ग, ओमायक्रॉनचे तुलनेने सौम्य स्वरूप, ताप व अंगदुखीचा पूर्वानुभव आणि दोन मात्रा पुरेशा असल्याची समजूत यांमुळे टाळाटाळ होते.

ग्रामीण भागातील महत्त्व
रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांतील निडीसारख्या गावांत आरोग्यसेविका आणि आशा यांच्यामार्फत आरोग्यसेवा घरोघरी पोहोचते. या भागात कातकरी समाजाच्या वाड्याही आहेत. निकषांनुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. अशा ठिकाणी लसीविषयीची पहिली शंका याच कर्मचाऱ्यांना विचारली जाते. त्यामुळे त्यांचा स्वतःचा निर्णय वैयक्तिक असला तरी त्याचा प्रभाव गावावर पडू शकतो.

कायदेशीर बाजू
जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही. तथापि, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी व प्रमाणबद्ध निर्बंध घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले. परिणामी कर्मचाऱ्यांचे शंकानिरसन आणि संमती यांना महत्त्व प्राप्त झाले.

हे सुद्धा पहा
लसीकरण
आशा कार्यकर्ती
रायगड जिल्हा