जुना ग्रंथ कोणाचा? वंशावळीचा शोध आणि स्वामित्वहक्क

१/ बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर या गावाच्या नावातच एक आडनाव आहे. नीरेच्या पलीकडे फलटण, निंबाळकरांचे संस्थान. या परिसरात घराण्याची वंशावळ शोधणाऱ्याला आधार असतो तो पत्रसंग्रह, संस्थानांचे इतिहास आणि कुलवृत्तान्त यांचा. अनेक ग्रंथ पुन्हा छापले गेले नाहीत. उरलेल्या प्रतींची पाने हात लावताच तुटतात. त्यांची पीडीएफ करून भाऊबंदांना पाठवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुना ग्रंथ म्हणजे मुक्त ग्रंथ नव्हे.

२/ भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्यात ग्रंथाचे वय नव्हे, लेखकाचे मृत्युवर्ष निर्णायक आहे. प्रारंभी ही मुदत मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांचे साहित्य १९९१ अखेर मुक्त होण्याच्या बेतात असताना मुदत ६० वर्षे करण्यात आली. गणना मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते.

३/ हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब असा:
• वि. का. राजवाडे (मृत्यू १९२६) : केव्हाच मुक्त
• गो. स. सरदेसाई (१९५९) : १ जानेवारी २०२० पासून मुक्त
• त्र्यं. शं. शेजवलकर (१९६३) : १ जानेवारी २०२४ पासून मुक्त
• दत्तो वामन पोतदार (१९७९) : २०३९ अखेरपर्यंत संरक्षित

४/ मरणोत्तर प्रकाशित, निनावी आणि सरकारी ग्रंथांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर सर्वांना खुले आहे. कुलवृत्तान्त अनेकांनी मिळून लिहिला असेल, तर शेवटच्या लेखकाचा मृत्यू धरावा लागतो.

५/ येथे एक फसगत होते. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी नव्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि टीपा नव्या संपादकाच्या असतात. पाने काढायची ती जुन्या आवृत्तीची.

६/ मग संरक्षित ग्रंथ वंशावळीला निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. कोण कोणाचा पुत्र, वतन कोणत्या साली मिळाले, या वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो लेखकाच्या शब्दांवर आणि मांडणीवर. केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जकता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका निकालात स्पष्ट केले. तेव्हा नावे व साले टिपून, ग्रंथाचा उल्लेख करून आपला स्वतंत्र वंशवृक्ष रचता येतो. स्वतःच्या अभ्यासापुरता उतारा उतरवून घेण्यासही कायद्यात वाव आहे. सबंध ग्रंथ शेकडो जणांना वाटणे ही गोष्ट वेगळी.

७/ राजवाडे गावोगाव हिंडले आणि घराघरांतील दप्तरे मालकांची मनधरणी करून मिळवली. आजच्या शोधकाने मुखपृष्ठामागील पान वाचावे, लेखकाचे मृत्युवर्ष शोधावे आणि मुदत उरली असल्यास वारसांना विचारावे. ग्रंथ दुर्मिळ असेल तर बहुधा तेही तो वाचला जावा याच अपेक्षेत असतात.