फ्लेव्होपिरिडॉलची कुळकथा

न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी मुळातच अल्पायुषी असतात आणि जंतूंचा समाचार घेऊन झाला की, फुटून आजूबाजूच्या ऊतींना इजा न करता, आक्रसत जाऊन स्वतःचा शेवट करतात. अशा नियोजित पेशीमृत्यूला केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ॲपॉप्टॉसिस हे नाव दिले. तो केव्हा घडावा हे प्रथिनांचे एक कुटुंब ठरवते : त्यातील बॅक्स आणि बॅक ही मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्राच्या, बाह्य पटलाला छिद्रे पाडतात, तर बीसीएल-२ आणि एमसीएल-१ त्यांना आवरून धरतात. यांपैकी एमसीएल-१ तयार झाल्यावर काही तासांतच नष्ट होत असल्याने, त्यावर विसंबलेली पेशी ते अखंड घडत राहिले तरच जगते.

नेमका हाच पुरवठा तोडणाऱ्या एका औषधाचे मूळ सह्याद्रीतल्या वनस्पतीत आहे. रत्नागिरी जिल्ह्याची पूर्व सीमा आखणाऱ्या या डोंगररांगेच्या सदाहरित रानांत डायसोक्सिलम बायनेक्टरिफेरम हा कडुनिंबाच्या कुळातला वृक्ष वाढतो. पूर्वी रोहितक वृक्षात सापडलेले आणि त्यावरूनच नाव पडलेले रोहितुकिन हे अल्कलॉइड हेक्स्ट कंपनीच्या मुंबईतील संशोधकांनी या वृक्षातूनही वेगळे केले आणि त्याची रचना व कृत्रिम निर्मिती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी लक्ष होते ते त्याच्या दाहशामक गुणावर. कर्करोगाचा विचार नंतरचा. पुढे रेणूतील एका मिथाइल गटाच्या जागी क्लोरोफेनिल गट बसवून फ्लेव्होपिरिडॉल सिद्ध झाले.

जनुकावरील मजकुराची आरएनए नक्कल उतरवण्यास सीडीके-९ हे विकर लागते. फ्लेव्होपिरिडॉल ते रोखते, आणि मग सर्वांत आधी तुटवडा पडतो तो एमसीएल-१ सारख्या अल्पजीवी प्रथिनांचा. लिम्फोसाइटांच्या जुनाट रक्तकर्करोगात अर्ध्या तासात पहिली मात्रा आणि पुढील चार तासांत उरलेली, अशा पद्धतीने ते शिरेतून दिले असता, काही रुग्णांत पेशी इतक्या झपाट्याने मेल्या की त्यांतून बाहेर पडलेल्या पोटॅशियमने रुग्णाच्याच जिवाला धोका निर्माण झाला. दाहशामक म्हणून सुरू झालेला शोध रक्तकर्करोगापर्यंत पोहोचला, याला निव्वळ योगायोग म्हणणे अवघड आहे, कारण दाह लांबवणारे न्यूट्रोफिलही एमसीएल-१ वरच तगून असतात.

बीसीएल-२ ला थेट अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. रोहितुकिनच्या या वंशजाला मात्र ती लाभलेली नाही.