नव्या इंजिनाचा मोह : ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ची चौदा वर्षे

१/१४
एखाद्या लहान गेम स्टुडिओचा पहिला खेळ गाजतो. हाती थोडा पैसा येतो, चाहते पुढच्या भागाची वाट पाहू लागतात आणि चमूपुढे प्रश्न उभा राहतो : पुढचा भाग जुन्याच इंजिनावर करावा की नव्या? वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नाने काही स्टुडिओंची वर्षानुवर्षांची कमाई गिळली आहे. त्या इतिहासाचा हा #धागा.

२/१४
प्रथम इंजिन म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर दृश्य उमटवणे, भिंतीला धडकलेल्या पात्राला अडवणे, ध्वनी वाजवणे, शत्रूंच्या हालचाली चालवणे ही कामे करणारा प्रोग्रॅमचा पाया म्हणजे इंजिन. कथा, पात्रे, टप्पे या पायावर उभे असतात. इंजिन बदलले की कथा आणि काही चित्रे वाचतात. पण जुन्या पायासाठी लिहिलेला कोड आणि त्यात बांधलेले टप्पे बहुधा पुन्हा करावे लागतात.

३/१४
आरंभ करू टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरपासून. डिसेंबर १९९३ मध्ये या छोट्या चमूने ‘डूम’ प्रसिद्ध केला. वर्ष पुरे होण्याच्या आत, १९९४ मध्ये, ‘डूम २’ बाजारात आला तो त्याच इंजिनावर. ३२ टप्पे, नवे राक्षस आणि एक दुनळी बंदूक, एवढीच काय ती भर. खेळाडूंनी तो आनंदाने विकत घेतला.

४/१४
त्याच सुमारास जॉन कार्मॅक पुढच्या इंजिनाकडे वळला होता. ते इंजिन जून १९९६ मध्ये ‘क्वेक’च्या रूपाने आले. म्हणजे जुन्या इंजिनावरचा खेळ घर चालवत होता आणि नवे इंजिन सवडीने घडत होते. इड आपली इंजिने इतर स्टुडिओंना परवान्याने देत असे. नवे इंजिन आता विकत मिणारी वस्तू झाली, आणि मोहाची सुरुवातही येथूनच झाली.

५/१४
जानेवारी १९९६ मध्ये टेक्सासमधल्याच थ्रीडी रेल्म्सने ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ आणला. त्याचे ‘बिल्ड’ इंजिन केन सिल्व्हरमन या तरुणाने लिहिले होते. त्यातले शत्रू सपाट चित्रांचे होते. पण दिव्यांची बटणे चालत, आरसे प्रतिबिंब दाखवत आणि नायकाची जीभ सैल होती. खेळ प्रचंड गाजला. पाचच महिन्यांत ‘क्वेक’ आला. त्यातले शत्रूही खरोखर त्रिमित होते. त्यापुढे ‘बिल्ड’ एकाएकी जुने दिसू लागले.

६/१४
एप्रिल १९९७ मध्ये थ्रीडी रेल्म्सने पुढच्या भागाची, ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ची घोषणा केली आणि त्यासाठी ‘क्वेक २’च्या इंजिनाचा परवाना घेतला. मे १९९८ मध्ये ई-थ्री प्रदर्शनात त्याचा ट्रेलर दाखवला गेला. त्याची वाहवा झाली. काही आठवड्यांतच प्रमुख जॉर्ज ब्रुसार्ड यांनी जाहीर केले की, खेळ आता एपिकच्या ‘अनरिअल’ इंजिनावर होणार.

७/१४
या निर्णयाला आज हसणे सोपे आहे. पण १९९८ च्या जागी उभे राहून पाहावे. खेळ लास वेगास आणि नेवाडाच्या वाळवंटात घडणार होता. ‘क्वेक २’चे इंजिन बंदिस्त खोल्या उत्तम रंगवी, मोकळा विस्तार त्याला जड जाई. ‘अनरिअल’ तेथे सरस होते. म्हणजे या बदलामागे खेळाचीच एक खरी गरज होती. किंमत मात्र मोठी होती : झालेले बरेचसे काम नव्याने करावे लागणार होते.

८/१४
अनर्थ पुढे झाला. २००१ मध्ये नवा ट्रेलर आला, पुन्हा कौतुक झाले. पण खेळ आला नाही. दुसऱ्या कुणाच्या खेळात काही नवे दिसले की ते आपल्यातही हवे, असे वाटे. त्यासाठी इंजिनाचे भाग पुन्हा पुन्हा बदलले गेले. २००३ मध्ये या कामावर अवघे १८ लोक होते. खर्च स्टुडिओच्या स्वतःच्या कमाईतून चालत असल्याने बाहेरून तारीख लादणारे कोणी नव्हते. ज्या स्वातंत्र्याचा प्रत्येक लहान स्टुडिओला हेवा वाटावा, त्यानेच येथे घात केला.

९/१४
मे २००९ मध्ये पैसा संपला आणि चमू विसर्जित झाला. उरलेले काम गिअरबॉक्सने पुरे करवून घेतले. जून २०११ मध्ये, घोषणेनंतर १४ वर्षांनी, खेळ प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी तो झोडपला. ज्या पिढीला ड्यूकचे विनोद भावले होते ती पिढी एव्हाना मोठी झाली होती, आणि ज्या नावीन्यासाठी एवढी धडपड केली ते नावीन्यही शिळे झाले होते.

१०/१४
हे एकट्या ब्रुसार्ड यांचे दुर्दैव नव्हते. इड सोडलेल्या जॉन रोमेरोचा ‘डायकाताना’ आधी ‘क्वेक’च्या इंजिनावर घडत होता आणि १९९७ च्या नाताळापर्यंत यायचा होता. त्या वर्षी ‘क्वेक २’ची झलक पाहून त्याने इंजिन बदलायचे ठरवले. नवा कोड १९९८ च्या आरंभी हाती आला तेव्हा कळले की तो जुन्याहून फार वेगळा आहे. स्थलांतरातच जवळजवळ वर्ष गेले. खेळ आला तो मे २००० मध्ये, आणि पडला.

११/१४
म्हणून नवे इंजिन म्हणजे विनाश, असा निष्कर्ष काढावा काय? ‘स्ले द स्पायर’चे उदाहरण वेगळे सांगते. मेगा क्रिट हा सिअॅटलचा छोटा स्टुडिओ आपला पुढचा खेळ युनिटी इंजिनावर करत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने, ठरावीक मर्यादेनंतर खेळ इन्स्टॉल होण्यागणिक शुल्क घेण्याचे जाहीर केले. मेगा क्रिटने इंजिन सोडण्याचा जाहीर इशारा दिला. एप्रिल २०२४ मध्ये घोषित झालेला ‘स्ले द स्पायर २’ मुक्त स्रोत असलेल्या ‘गोडो’ इंजिनावर घडत होता. हे शुल्क युनिटीने सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेतले, पण चमू तोवर निघून गेला होता. येथे बदलाचे कारण देखणेपणा हे नव्हतेच. आपल्या उत्पन्नाची दोरी कुणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न होता.

१२/१४
उलट बाजूही पाहावी. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने ‘हॉलो नाइट’ युनिटीवर केला आणि पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ही युनिटीवरच. तरी फेब्रुवारी २०१९ मधल्या घोषणेपासून सप्टेंबर २०२५ पर्यंत साडेसहा वर्षे लागली. जुने इंजिन राखले म्हणून वेळ वाचेलच असे नाही. फरक हा की, ही वर्षे नवे प्रदेश आणि नवे शत्रू रचण्यात गेली. तेच काम दुसऱ्यांदा करण्यात नव्हे.

१३/१४
या सगळ्यांतून लहान स्टुडिओने स्वतःला विचारावेत असे तीन प्रश्न निघतात. जो खेळ करायचा ठरला आहे, तो जुन्या इंजिनात खरोखर अशक्य आहे काय? बदल पहिला टप्पा बांधण्यापूर्वी होतो आहे काय? आणि हा बदल शेवटचा, असे सर्वांसमक्ष ठरले आहे काय? १९९८ च्या ब्रुसार्ड यांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देता आले असते. तिसऱ्यावर त्यांचा स्टुडिओ बुडाला. माझ्या मते तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच इंजिन बदलावे. आहे त्या इंजिनाच्या अटीच जाचक झाल्या तर गोष्ट निराळी.

१४/१४
हा प्रश्न आपल्यापासूनही दूर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तो अनरिअल इंजिन ४ वर, म्हणजे ड्यूकला मोहवणाऱ्या त्याच इंजिनाच्या वंशजावर. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, एप्रिल २०२२ मध्ये, अनरिअल इंजिन ५ आले. उद्या सहावेही येईल. पगारांपुरता पैसा राखून काम करणाऱ्या चमूला यातल्या प्रत्येक हाकेला ओ देणे परवडणार नाही. ‘डूम २’ खेळणाऱ्यांनी इंजिनाचे वय विचारले नव्हते. दुनळी बंदूक त्यांच्या लक्षात राहिली.

तुमच्या आवडत्या खेळाचा पुढचा भाग जुन्या इंजिनावर आला असता तर तुम्ही तो घेतला असता का? उत्तर कारणासह अवश्य लिहा.